आईच्या खड्याचे कोपरे

४ एप्रिल, शुक्रवार

बिस्मिल्लाह. या वहीच्या डाव्या पानांवर घरचा हिशोब आहे आणि तो तसाच चालेल. उजवी पानं मात्र इतकी वर्षं कोरी राहिली. कागद कोरा टाकून देणं हीसुद्धा उधळपट्टीच, म्हणून आजपासून उजवीकडे हे लिहीन. दहावीला माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. अजून तितकं वाईट नाही.

दर ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी खडा तोलते. यंदा सहाशे बारा ग्रॅम. मागच्या साली सहाशे एकेचाळीस होता. लग्नात आईने दिला तेव्हा पावणेदोन किलोंचा होता. मामाने आमच्याच गावामागच्या मिठाच्या डोंगरातून फोडून आणलेला, कोपरे असे की शालीतूनही टोचायचे. आईने त्याला मधोमध खाच पाडली, लोकरीची दोरी बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "अंजुरात, हा संपेल तोवर ते घर तुझं झालेलं असेल." त्याला चौतीस वर्षं झाली. आई आता नाही.

रोजच्या चहाला दुकानाचं मीठ. आईचा खडा फक्त महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या शीरचायला, आणि घरात खतम, म्हणजे कुणाच्या नावाने कुराणपठण, असेल तेव्हा. दूध-चहा उकळला की खडा दोरीने आत सोडायचा, तीन वेळा कुल हुवल्लाह ही छोटी सूरा म्हणायची, बाहेर काढायचा. मग गार पाण्यात एक बुडी, लगेच फडक्याने पुसून खुंटीवर. आईचं माप हेच, आणि माझंही.

आज सून बघत उभी होती. सावरीला या घरात येऊन नऊ महिने झाले. ती उत्तरेची, इस्फराची, जर्दाळूंच्या गावची. तिकडे चहात मीठ घालत नाहीत, बिचाऱ्यांचं कसं होत असेल कोण जाणे. म्हणाली, "आयाजान, चिमूटभर मीठ टाकलं तर नाही का चालणार?"

"चिमूट कुणाची? तुझी का माझी? कुल हुवल्लाह सगळ्यांची सारखी."

"बीबी राजबमोह म्हणतात तेव्हा चहा खारट होतो. त्या सावकाश म्हणतात."

हे खरं आहे, पण गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईविषयी असं बोलू नये.

मग तिने खडा तळहातावर घेतला आणि विचारलं, "हा असा गोल का झाला?"

"झिजला."

"झिजला खरा, पण कोपरेच आधी का गेले?"

"कोपरे नेहमी आधीच जातात. उशीचेसुद्धा."

ती एवढी खूश झाली की मला वाटलं माझं काही चुकलं. म्हणे हाच तिचा धडा आहे. ती शाळेत रसायन शिकवते, शरद ऋतूपासून तात्पुरत्या जागेवर. अठरा तारखेला जिल्ह्याची माणसं तिचा वर्ग बघायला येणार. त्यांना आवडला तर जागा कायमची. शाळेत सामान काही नाही, काचेच्या नळ्या सगळ्या फुटल्या, मीठ तेवढं भरपूर आहे. म्हणून धडा 'मीठ पाण्यात कसं विरघळतं' हाच घेतला.

माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. घरात सून असावी आणि दुपारी ती घरात असावी.


६ एप्रिल, रविवार

जेवण झालं तरी सावरीने दस्तरखान उचलू दिला नाही. त्यावर काळे मनुके आणि भाजलेले हरभरे मांडत बसली. एक मनुका, एक हरभरा, एक मनुका, एक हरभरा. दुसऱ्या रांगेत मनुक्याखाली हरभरा. वर आणखी एक थर.

"हे मीठ," म्हणाली. "मनुका क्लोरीन, हरभरा सोडियम. सोडियमवर धन भार, क्लोरीनवर ऋण. दोघं एकमेकांना ओढून धरतात, म्हणून खडा घट्ट. आता बघा, मधल्या हरभऱ्याला शेजारी किती?"

हे पुढे सरकले. हे म्हणजे माझ्या मुलाचे, सुहबतचे, बाबा, सावरीचे सासरे, जन्मभर मिठाच्या खाणीत होते. बोटाने मोजून म्हणाले, "चार बाजूंचे, एक वर, एक खाली. सहा."

"आणि कोपऱ्यावरच्याला?"

"तीन." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणून तुझ्या खड्याचे कोपरे गेले. तिघांनी धरलेल्याला ओढून काढणं सोपं, सहांनी धरलेल्याला कठीण."

"ओढतं कोण पण?" मी विचारलं.

"पाणी."

"पाण्याला हात असतात?"

"दोन," सावरी म्हणाली आणि माझे दोन्ही हात धरून बाजूंना पसरले. "पाण्याचा एक कण म्हणजे एक आई आणि तिच्या दोन हातांना दोन पोरं. आई ऑक्सिजन, पोरं हायड्रोजन. आईवर किंचित ऋण भार, पोरांवर किंचित धन. सोडियम धन, म्हणून त्याच्याकडे आई तोंड करते. क्लोरीन ऋण, त्याच्याकडे पोरं धावतात. अशा पाच-सहा आया एका सोडियमभोवती जमल्या की त्याला रांगेतून सोडवून घेऊन जातात. मग त्याच्यामागचा उघडा पडतो. आता तो कोपरा."

"चाळीस वर्षं मी तो डोंगर हातोड्याने फोडला," हे म्हणाले, "आणि बायका नुसत्या पोरांना घेऊन येतात नि उचलून नेतात."

मी माझी खरी शंका विचारली. "मग मीठ गेलं कुठे? दिसत नाही ते."

"तिथंच आहे, आयाजान. फक्त एकेक सुटं झालंय. दिसत नाही, पण आहे."

"दिसत नाही पण आहे, असं मी एकालाच मानते," मी म्हणाले. ती हसली. मी गंमत केली नव्हती.

मग मी तिला सांगितलं की सांडलेलं मीठ कयामतीच्या दिवशी पापण्यांनी वेचावं लागतं, आणि तिच्या वर्गात रोज पेलाभर खारं पाणी अंगणात ओतलं जातं, याचा तिने विचार करावा. ती गंभीर झाली. म्हणाली, "मग यापुढे ओतणार नाही." वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दस्तरखान आवरला. क्लोरीन ह्यांनी खाल्लं, सोडियम मी. काही वाया गेलं नाही.


९ एप्रिल, बुधवार

शाळेत तंटा. सावरीने आठवीच्या मुलामुलींना अंगणात मिठासारखं उभं केलं. मुलगे सोडियम, मुली क्लोरीन, आलटून-पालटून, हात धरून. दुपारपर्यंत तीन बाप हेडमास्तरांच्या दारात. मुलामुलींनी हात धरायचे? जिल्ह्याच्या माणसांसमोर?

सावरी घरी आली ती रडकुंडीला. धडा बदलावा लागेल म्हणाली.

मी कणीक मळत होते, मान वर न करता म्हणाले, "रुमाल."

"काय?"

"दोघांमध्ये रुमाल. एक टोक याच्या हातात, दुसरं तिच्या. लग्नातल्या नाचात धरतात तसे. रुमालाला कुठला बाप नावं ठेवतो?"

तिने पिठाच्या हातासकट मला मिठी मारली. झगा धुवावा लागला. साबण डाव्या पानावर लिहिला आहे.

हे मी फक्त गावात बोलणी नकोत म्हणून सुचवलं. घरातले चौदा रुमाल दिले, इस्त्री करून.


११ एप्रिल, शुक्रवार

आज आईच्या नावाने खतम होता. बीबी राजबमोह आणि गल्लीतल्या सात जणी आल्या. बीबी ऐंशीच्या आहेत, गावातल्या बायकांना कुराण त्यांनीच शिकवलं, मलाही. आईचाच दिवस, म्हणून शीरचाय आईच्या खड्याचा केला. बीबींनीच कुल हुवल्लाह म्हटली, सावकाश. चहा खारट झाला. सगळ्यांनी पेला संपवला. सावरी सकाळीच शाळेत गेलेली, तिचा वाटा झाकून ठेवला.

सगळ्या गेल्यावर खड्यावर साय धरली होती ती काढायला खडा गोठ्याजवळच्या बादलीत सोडला, तेवढ्यात शेजारची हुरमत भिंतीवरून ओरडली, "अंजुरात-अपा! चला लवकर, तुमच्या सुनेला आया कमी पडल्यात!"

"मला काम आहे."

"नुसतं बघायला चला!"

म्हणून नुसती बघायला गेले.

शाळेच्या अंगणात तालमीला मीठ उभं होतं. चोवीस पोरं, रांगा सरळ, मध्ये माझे आणि गल्लीतले रुमाल. मुलग्यांनी आपापल्या टोप्या काढून मुलींना दिल्या होत्या, कारण सोडियम आपल्याजवळचा एक बारीक कण क्लोरीनला देऊन टाकतो आणि त्यानेच दोघांवर भार येतो. मुलींच्या डोक्यावर दोन-दोन टोप्या. क्लोरीन आकाराने मोठा असतो म्हणून त्यांनी बापांचे रुईचे चपान, ते जाड लांब झगे, घातले होते. घामाने निथळत होत्या पण एकीने काढला नाही.

आणि पाणी भिंतीशी उभं होतं. नऊ आया, प्रत्येकीच्या हाताला दोन पोरं.

हुरमत म्हणाली, "मास्तरीणबाई, मला पाच आहेत. मग मी कुठलं पाणी?"

"तुम्ही पाणी नाही, हुरमत-अपा. तुम्ही पूर."

असं हसू आलं सगळ्यांना की हुरमत स्वतः भिंतीला टेकली. मग तिने पाचातली दोन धाकटी, नऊ वर्षांची मोहिरू आणि सहा वर्षांचा दिलोवर, आणून माझ्या हातात दिली. "ही घ्या. संध्याकाळी परत करा. परत नाही केलीत तरी चालेल."

मी नाही म्हणणार होते. पण पोरांचे हात गरम होते आणि सावरीने टाळी वाजवली.

पाण्याने कधी स्थिर उभं राहायचं नाही, असं ती म्हणते. पाण्याचा प्रत्येक कण सतत हलतो, लोटतो, फिरतो, गार पाण्यातलाही. ऊब जितकी जास्त तितका वेग जास्त. म्हणून आम्ही हलायचं. सुरुवातीला लाज वाटली. मग हुरमतच्या बहिणीने डफ आणला, आणि डफ वाजल्यावर आमच्या गावात बाई कशी हलते ते काय लिहायचं.

मी आधी आपली मधल्या मुलाकडे गेले, तो ओळखीचा होता म्हणून. ओढला, हलला नाही. आणखी दोघी आल्या तरी हलला नाही. चारी बाजूंनी रुमाल ताणलेले. "कोपरा, आयाजान, कोपरा!" सावरी ओरडली. कोपऱ्यावर न्हाव्याचा पोरगा होता, दोनच रुमाल. आम्ही पाच जणींनी तोंडं त्याच्याकडे करून त्याला वेढलं, पोरं बाहेरच्या बाजूला, आणि तो सुटला! एकेक रुमाल टपकन सुटला. मग त्याच्याशेजारची चपानवाली सुटली. तिच्याभोवती आम्ही उलट्या उभ्या राहिलो, पोरं तिच्याकडे, आम्ही मागे. मग पुढचा. डफ वाजतच होता. एवढ्यात सगळं अंगण मीठ आणि पाणी झालं, कोण कुठे ते सांगता येईना, आणि तरी एकही मीठ एकटं नव्हतं. सगळ्यांभोवती कुणी ना कुणी.

मी पाच वेळा विरघळवलं. गुडघा दुखतोय. सावरीला सांगितलं की अठराला दुसरी आई शोध. ती म्हणाली, "तुमच्यासारखी वळणारी दुसरी कुणी नाही." काहीतरीच.

बीबी राजबमोह खुर्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "सगळी सृष्टी जिक्र करते, त्याचं नाव घेत डोलते, असं मी तुम्हाला चाळीस वर्षं सांगतेय. आता मास्तरिणीने सांगितलं तेव्हा पटलं."


१३ एप्रिल, रविवार

खडा खुंटीवर नाही.

सगळं घर पालथं घातलं. पेटी, कोठी, पिठाची परात, सुहबतच्या कपड्यांची पेटीसुद्धा, तो कामाला रशियात आहे तरी. ह्यांना उठवून त्यांची गादी झाडली.

शेवटी सावरी गोठ्याजवळून बादली घेऊन आली. तळाशी लोकरीची दोरी, चिमूटभर लाल माती, बाकी स्वच्छ पाणी. तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि हळूच म्हणाली, "खडा यात आहे."

"यात दोरी आहे!"

"खडाही आहे, आयाजान. आहे."

मग मला जे बोलायचं नव्हतं ते मी बोलले. म्हणाले, तुला हवं तेव्हा तू त्याला हात लावतेस, कोपरे बघतेस, धड्यासाठी तुला घरातलं काहीच पवित्र नाही. चौतीस वर्षं मी तो सांभाळला आणि नऊ महिन्यांत तू त्याचं पाणी केलंस.

ती म्हणाली, "माझं चुकलं असेल, आयाजान."

असेल! चुकलं असेल म्हणे.

आई म्हणाली होती की तो संपेल तोवर हे घर माझं झालेलं असेल. संपण्याची ही रीत तिने सांगितली नव्हती. दोन दिवसांत सहाशे बारा ग्रॅम. डाव्या पानावर काय लिहू?


१४ एप्रिल, सोमवार

बादलीचं काय करावं ते विचारायला बीबी राजबमोहकडे गेले. ओतली तर मीठ सांडल्यासारखं, आणि सहाशे बारा ग्रॅम पापण्यांनी वेचायचं म्हणजे मी त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी उठणार.

बीबी म्हणाल्या, "विरघळलेलं मीठ सांडलेलं नसतं. पण पाय पडतील अशा जागी ओतू नको. झाकून ठेव."

घरी आले तर गाईचं तोंड बादलीत. पुरे लिटरभर प्यायली असेल, आणि नाकपुड्या चाटत माझ्याकडे बघत होती. हे म्हणाले, "घरात एकटीलाच धडा नीट कळला."

बादली झाकून कोठीत फळीवर ठेवली. सावरीशी बोलले नाही. तिने न सांगता सगळी भांडी घासली.


१६ एप्रिल, बुधवार

आज डावं पान भरताना साबणाची तारीख बघायला मागे गेले आणि नजर उजवीकडे पडली. अकरा तारीख. माझंच अक्षर, सरळ, स्वच्छ, दहावीला पहिलं आलेलं.

खडा गोठ्याजवळच्या बादलीत सोडला, तेवढ्यात शेजारची हुरमत भिंतीवरून ओरडली.

खाली पुढे कुठेही काढला असं लिहिलेलं नाही. पुसला नाही, टांगला नाही. नाचायला गेले.

आणि त्याच्या वरच्याच ओळीत लिहिलंय की सावरी सकाळपासून शाळेत होती.

तीन वेळा वाचलं. हिशोबात चूक सापडली की मी ती लाल शाईने दुरुस्त करते. ही लाल शाईने दुरुस्त होत नाही.

उद्या सांगेन. आज तिला धड्याची तयारी आहे, तिचं मन दुसरीकडे नको. (हे कारण खरं नाही. पण उद्या नक्की.)


१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी तंदूरजवळ नान लावत होतो. मी आत वाकलेली असतानाच म्हणाले, म्हणजे चेहरा दिसू नये, "खडा मी विसरले बादलीत. तू नव्हतीस."

"ठाऊक आहे, आयाजान."

मी बाहेर आले. केस जळाले थोडे. "ठाऊक होतं? कधीपासून?"

"रविवारपासूनच. शुक्रवारी मी घरी कुठे होते?"

"मग बोलली का नाहीस?"

ती नान थापत राहिली. "तुमच्या आईचा खडा होता. तुम्हाला कुणावर तरी रागवायचं होतं. मी जवळ होते."

मी तिला सगळ्यांत चांगला भाजलेला नान दिला, मधला, कांदा घातलेला. तिने अर्धा मोडून मलाच दिला.

अल्लाह माफ करो. तिने आधीच केलंय असं दिसतं.


१८ एप्रिल, शुक्रवार

झाला धडा! जिल्ह्याच्या तिघांत एक जाड चष्म्याच्या बाई होत्या, फाईल छातीशी धरलेली, चेहरा उपासाचा. डफ वाजल्यावर त्यांचा पाय वाजायला लागला, मी पाहिलं.

दिलोवरने ऐन वेळी माझा हात सोडला, कारण त्याला सरबत दिसलं. एका हातावर मी अर्धं पाणी झाले. सावरी न अडखळता म्हणाली, "पाण्यातून हायड्रोजन कधीकधी असा सुटतो, पण त्यासाठी वेगळा धडा आहे." सगळे हसले, चष्मेवाल्या बाईही.

पण लिहायचं आहे ते पुढचं. सगळं विरघळल्यावर सावरी म्हणाली, "आता ऊन पडलं. पाणी उडून चाललं." हा भाग आम्ही कधी केला नव्हता, तिने आम्हाला आधी सांगितलाही नव्हता. आम्ही एकेक आई पोरांना घेऊन भिंतीकडे सरकलो. अंगणात फक्त मीठ राहिलं, विखुरलेलं. थोडा वेळ पोरं तशीच उभी. मग न्हाव्याच्या पोराने एका चपानवालीकडे रुमाल केला. तिने धरला. तिच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक आला. कुणी सांगत नव्हतं. मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगी, आणि सगळ्या रांगा पुन्हा सरळ. आधीच्यापेक्षाही सरळ. आणि चारी कोपरे, असे काटकोनात!

मी भिंतीशी मोठ्याने म्हणाले, "कोपरे आले!"

चष्मेवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "आई, तुम्हाला यातून काय कळलं?"

दहावीनंतर मला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "पाणी मीठ खात नाही. सोबत करतं. आणि पोहोचवतं परत."

त्यांनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं. माझं वाक्य सरकारी कागदावर.

सावरीची जागा कायम होणार. ह्यांनी अंगणातच दोन बोकडांच्या जेवणाची घोषणा केली. मी एकावर आणलं.

घरी येताना तिला फक्त एवढंच विचारलं, "माझं पाणी वाळवलं तर?"

ती रस्त्यात थांबली. "तेच मी रविवारी सांगत होते, आयाजान. आहे म्हणून."

सांगत होती. मला ऐकायचं नव्हतं.


२० एप्रिल, रविवार

पाणी दुहेरी फडक्याने गाळलं. लाल माती फडक्यावर राहिली. मग नान भाजून झाल्यावर तंदूरच्या उरलेल्या आचेवर मुलामा दिलेल्या पातेल्यात आटवलं, म्हणजे लाकूड वेगळं लागलं नाही. दोन लिटरांवर आलं. आता पसरट तसराळ्यात घालून छपरावर ठेवलंय, वर जाळी. सावरी म्हणते, घाई केली तर बारीक भुगा होईल, सावकाश वाळलं तर मोठे दाणे धरतील. कणांना आपापली जागा शोधायला वेळ लागतो.

मी दिवसात चार वेळा छपरावर जाते. ऊन बघायला.


२४ एप्रिल, गुरुवार

पाऊस आला. झाकण घेऊन मी शिडीवर, आणि खालून सावरी वर. दोघींनी एकाच झाकणाला हात घातला. पाऊस थांबला तरी बसून राहिलो. तिने मला इस्फराच्या जर्दाळूंबद्दल सांगितलं. तिच्या आईने निघताना तिला खडा दिला नाही, कारण तिकडे मिठाचा डोंगर नाही. सुकवलेले जर्दाळू दिले होते. ते पहिल्याच महिन्यात आम्ही खाऊन संपवले. मीच जास्त.


२७ एप्रिल, रविवार

दाणे धरले!

पाण्यावर तरंगत होते, काचेचे चौकोन, नखाएवढे, काही मध्ये खोलगट, होडीसारखे. मोठे झाले की बुडतात. तळाशी फरशी घातल्यासारखी रांग. कुणी कापले नाहीत, घासले नाहीत. मी चष्मा लावून एकेकाचे कोपरे मोजले. सावरी म्हणाली मोजायची गरज नाही, सगळ्यांना आठच असतात. मी तरीही मोजले. आठच.

ह्यांना दाखवले. जन्मभर मीठ पाहिलेला माणूस, पण एक दाणा उन्हाकडे धरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "डोंगराचं मीठ लाल होतं. हे तर नवरीसारखं आहे."


२ मे, शुक्रवार

सगळं वाळलं. फडक्यावर घेऊन तोललं. सावरी वजन वाचत होती, मी डावं पान लिहीत होते. आलं ते असं:

खडा, ईदनंतर: ६१२
परत मिळालं: ५३८
माती, फडकं आणि अकरा तारखेचा चहा: १४
गाय: ६०

सावरी म्हणाली, "गाईचं कसं कळलं?" मी म्हणाले, "उरलेलं गाईचंच. तिच्याकडून नाही मागणार." हिशोब जुळला. चौतीस वर्षांत इतक्या आनंदाने मी कुठल्या बेरजेखाली रेघ मारली नसेल.

आज महिन्याचा पहिला शुक्रवार. ओंजळभर चौकोन पातळ मलमलीत घेतले, पुरचुंडी आईच्याच लोकरीच्या दोरीने बांधली, उकळत्या चहात सोडली. तीन वेळा कुल हुवल्लाह म्हटली, न घाईने, न बीबींसारखी. काढली. बुडी न देता लगेच पुसली. आता बादलीजवळ मी जात नाही.

पहिला घोट ह्यांनी घेतला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. "अंजुरात," म्हणाले, "समुद्र कुठून आणलास?"

सावरीने चाखला आणि पेला हातात धरून हसायला लागली. मी चाखला. जीभ आखडली. हुरमत भिंतीवरून विचारत होती काय झालं, काय झालं. तिलाही पेला दिला. प्यायली, पाणी मागितलं, आणि आणखी एक पेला मागितला.

सगळा चहा संपला. कुणी ओतला नाही.

मग मी उरलेलं मीठ दोन ढिगांत वाटलं. एक माझ्या कोठीत. दुसऱ्याची पुरचुंडी केली, आणि झगा शिवून उरलेली लाल दोरी बांधून सावरीच्या मांडीवर ठेवली.

तिने ती उचलली नाही. हात नुसता वर ठेवला. "आयाजान, हे..."

"घे. हे संपेल तोवर..." मी म्हणाले, आणि पुढचं काही केल्या तोंडातून येईना.

"तोवर काय?"

"तोवर चहाला एकदाच कुल हुवल्लाह म्हणत जा," मी म्हणाले. "कोपरे नवे आहेत."